आधी हातोडी, मग एमआरआय

कंबर धरली की चार दिवस शेक आणि तेल, पाचव्या दिवशी एमआरआय, असा आता रिवाजच पडत चालला आहे. कोल्हापूरहून हुपरीच्या रस्त्याला लागले की गडमुडशिंगी लागते. जवळच उजळाईवाडीचा विमानतळ, पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि मधल्या रानात ऊस. शहर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथल्या माणसाला एमआरआय केंद्र काही लांब नाही. त्यामुळे कंबरदुखीचा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा फिल्मची मोठी पिशवी अनेकदा आधीच त्याच्या मांडीवर असते. "मणक्यात गॅप पडलाय," हे निदानही तोच सांगतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते, पायात कळ उतरते का, रात्री झोप मोडते का, हे विचारायचे राहून जाते. रिपोर्ट वाचून होतो, माणूस तपासायचा राहतो.

मणक्याच्या आणि मज्जारज्जूच्या आजारांसाठी आज हाताशी असलेले सर्वांत स्पष्ट चित्र एमआरआयचे आहे, याबद्दल दुमत नाही. माझी तक्रार ते कोणाचे आणि कधी काढले जाते याबद्दल आहे. ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्या हातात ते पहिल्या आठवड्यात पडते. ज्यांचे पाय त्यावर अवलंबून आहेत ते मात्र महिनोन्महिने गोळ्या, मालिश आणि इंजेक्शने घेत फिरतात.

आपल्या भागातल्या पाठींना विश्रांती तशी कमीच. पहाटे धारेला बसणारी बाई थोड्या वेळाने वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येते. फाउंड्रीत कास्टिंग उचलणारा कामगार पाळीभर वाकून उभा असतो आणि घरी जाताना दुचाकीवरून खड्डे मोजत जातो. हुपरीचा चांदी कारागीर दिवसभर मान खाली घालून बसतो. उसाच्या मोळ्या ट्रॉलीवर चढवणाऱ्यांचे तर बोलायलाच नको. अशा पाठी दुखणारच. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. यांतल्या बहुसंख्य दुखण्यांत एका ठरावीक जागेवर बोट ठेवता येत नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध, गादी यांच्यावरचा ताण एकत्र येतो आणि बहुतेकांचा भर काही आठवड्यांत ओसरतो. त्या काही आठवड्यांत काढलेला एमआरआय क्वचितच उपचार बदलतो. तो बदलतो रुग्णाचे मन.

रिपोर्टमधले शब्दच पाहा. डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, ॲन्युलर टिअर, थिकल सॅक इंडेंटेशन. हे वाचून घरी कोणाची पाचावर धारण बसणार नाही? मग त्याचे मराठीत भाषांतर होते: गादी फाटली, नस दबली, मणका सरकला, गॅप पडला. (यातला 'गॅप' तर मजेशीरच आहे. दोन मणक्यांमधली गादी सुकली की त्यांच्यातले अंतर कमी होते. म्हणजे ज्याला आपण गॅप पडला म्हणतो, तिथे असलेला गॅप उलट बुजलेला असतो.) डेसिकेशन म्हणजे गादीतले पाणी कमी होणे. केस पांढरे होतात तशीच ही गोष्ट, फक्त ती आरशात दिसत नाही.

हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक साधा, पण आजही विचार करायला लावणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ लोकांच्या कमरेचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांत निदान एका पातळीवर गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांत ती बाहेर आलेली होती. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, दुखणे नसलेल्या ३,११० लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसत होती, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. आता विचार करा. पन्नाशीचा शेतकरी खत टाकताना वाकला, उसण भरली आणि एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये बल्ज निघाला. तो बल्ज त्या दिवशीचा आहे की दहा वर्षांपूर्वीपासून गुपचूप बसलेला, हे चित्र सांगू शकत नाही. ते ठरते पाय उचलून पाहिल्यावर, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिल्यावर. डाव्या पायाच्या अंगठ्यात बधिरपणा आहे, अंगठा वर उचलायची ताकद कमी आहे आणि चित्रातही डावीकडे त्याच शिरेवर गादी टेकली आहे, असे तिन्ही जुळले तर त्या चित्राला अर्थ येतो. कळ उजव्या पायात आणि बल्ज डावीकडे असेल, तर तो बल्ज दुखण्याचे कारण मानता येत नाही.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने, २०१३ मध्ये, आणखी एक समजूत मोडली. सायटिकाच्या रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. जे बरे झाले होते त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांत गादी अजून बाहेर आलेली दिसत होती. जे बरे झाले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के! म्हणजे दुसरा एमआरआय पाहून कोण बरा झाला हे ओळखता येईना. तरी आपल्याकडे 'सहा महिन्यांनी परत काढून बघू' हे वाक्य सर्रास ऐकू येते. पैसे रुग्णाचे.

वाचणाराही माणूसच असतो, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत पायात कळ येणाऱ्या ६३ वर्षांच्या एका महिलेला तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत पाठवून एमआरआय काढण्यात आले. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी नोंदवल्या होत्या. दहाही रिपोर्टांत सारखी नोंदलेली गोष्ट एकही नव्हती. पाठ एकच, बाई एकच. रेडिओलॉजिस्टांना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. चिठ्ठीवर 'कंबरदुखी' एवढेच लिहून पाठवले तर दिसेल ते सगळे लिहून काढण्यापलीकडे त्यांच्या हातात तरी काय उरते?

भीतीची किंमत पैशांतही मोजावी लागते. रिपोर्ट आल्यावर माणूस वाकायचे सोडतो, पट्टा बांधून बसतो, हलके कामही टाळतो. पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात, दुखणे आणखी वाढते. घरातली म्हैस विकायचा विचार सुरू होतो. कंत्राटी कामगाराने 'मणका गेलाय' म्हणून सांगितले तर त्याच्या जागी दुसरा उभा राहायला एक दिवस पुरतो. २००३ मध्ये अमेरिकेत ३८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांचा साधा एक्स-रे काढला, निम्म्यांचा झटपट एमआरआय. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या हालचालींत आणि दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. एमआरआय काढलेल्यांत शस्त्रक्रियांचा आकडा मात्र जास्त होता.

इथे काही वाचक म्हणतील, मग एमआरआय काढूच नये का? या प्रश्नानेच मला जास्त काळजी वाटते, कारण उत्तर नेमके उलटे आहे.

या यंत्राचे सामर्थ्य कशात आहे ते आधी पाहू. एक्स-रे हाड दाखवतो. मज्जारज्जू, शिरा, गादी हे सगळे त्याला जवळजवळ अदृश्य असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत जे हायड्रोजनचे अणू आहेत त्यांना प्रचंड चुंबकाच्या क्षेत्रात एका रांगेत आणायचे, रेडिओलहरींनी डिवचायचे आणि ते पूर्वस्थितीला येताना जो संदेश देतात तो टिपायचा, अशी ही युक्ती. साधारण वापरातल्या १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना यासाठी २००३ चे नोबेल मिळाले. पाणी कुठे वाढले, कुठे आटले हे या चित्रात उघड दिसते, म्हणून सुजलेला मणका, पू, दबलेला मज्जारज्जू, गाठ हे सगळे सापडते. आतला आवाज मोठा आणि बोगदा अरुंद, त्यामुळे घाबरणाऱ्याने आधी सांगावे. पेसमेकर, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, शरीरातली क्लिप यांबद्दल तर सांगितलेच पाहिजे. फाउंड्रीत ग्राइंडिंग करणाऱ्यांसाठी ही कणाची बाब खरोखर महत्त्वाची आहे. आणि नातेवाइकांनी खोलीत काहीही लोखंडी नेऊ नये. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला तो याच चुंबकामुळे.

आता ज्यांना हे चित्र वेळेवर हवे ते कोण? आपल्या देशात पहिले नाव घ्यावे लागते मणक्याच्या क्षयाचे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यात होतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून याला आजही पॉट्स डिसीज म्हणतात. हा आजार सावकाश येतो. दुखणे विश्रांतीने कमी होत नाही, रात्री वाढते. वजन उतरते, भूक मरते, संध्याकाळी अंगात कसर असते. कधी कधी ताप अजिबात नसतो, आणि खोकला तर अनेकांना नसतोच, म्हणून घरात कोणाच्या डोक्यात क्षय येत नाही. बाई आहे, रक्त कमी असेल, कामाचा ताण असेल, असे म्हणत टॉनिकवर महिने जातात. एक्स-रे काढला तर तो 'नॉर्मल' येऊ शकतो. हाडातले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खनिज जाईपर्यंत एक्स-रेला पत्ता लागत नाही. एमआरआयमध्ये मात्र शेजारशेजारचे दोन मणके, मधली गादी आणि भोवतीचा पू कितीतरी आधी दिसतो. त्या टप्प्यावर औषधे सुरू झाली तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात, आणि ही औषधे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत आहेत.

इथेही एक सावधगिरी हवी. चित्र क्षयासारखे आहे म्हणजे क्षय आहे असे नव्हे. दुसरा जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची गाठही तशीच दिसू शकते. शक्य असेल तिथे सुईने तुकडा काढून सीबीनॅटला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाठवला पाहिजे, म्हणजे औषधाला दाद न देणारा क्षय आहे का हेही कळते. नुसत्या फिल्मवर वर्ष-दीड वर्ष औषधे देणे म्हणजे अंधारात गोफण मारणे.

दुसरा गट मानेतला मज्जारज्जू दबणाऱ्यांचा. हा आजार फार फसवा आहे, कारण मान दुखेलच असे नाही. शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो, सही बिघडते, नाणे उचलता येत नाही. पाय जड आणि ताठ होतात, बांधावरून चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. 'वय झालं' म्हणून घरचे सोडून देतात. परदेशातल्या अभ्यासातही या आजाराचे निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे दिसले आहे, तेव्हा आपल्याकडचे काय सांगावे. आणि दबून निकामी झालेला मज्जारज्जू शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखा होईलच याची खात्री नसते. बिघाड थांबवणे हेच अनेकदा मोठे यश असते.

या ठिकाणी मला सर्वांत जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. पाय लटपटतात म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली फक्त शिरांचा जुडगा असतो. पाय ताठ झाले आहेत, गुडघ्याची उसळी वाढली आहे, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो, तर दोष वरती, मानेत किंवा पाठीच्या मधल्या भागात शोधायला हवा. कमरेच्या फिल्ममध्ये तो दिसणारच नाही. दिसेल ते वयाप्रमाणे आलेले बल्ज. मग त्या बल्जवर उपचार होतात, कधी शस्त्रक्रियाही होते, आणि मानेतला दाब वाढतच राहतो. हातोडी काही शे रुपयांना मिळते. ती पाच मिनिटे वापरली असती तर कुठला भाग काढायचा हे कळले असते.

तिसरा गट तासांचा हिशेब असलेला. मोठी गादी एकदम बाहेर येऊन खालच्या शिरांचा सगळा जुडगा दाबते तेव्हा बसण्याची जागा, मांड्यांच्या आतली बाजू बधिर होते, लघवी तुंबते किंवा कळत नाही, दोन्ही पायांतली ताकद जाते. कंबरदुखीच्या रुग्णाने लघवी झाली नाही असे सांगितले, तर त्या दिवशीच एमआरआय आणि त्यानंतर लगेच शस्त्रक्रियेचा विचार व्हायला हवा. ग्रामीण भागात हा रुग्ण 'मुतखडा असेल' म्हणून नळी घालून घरी पाठवला जातो. लाजेपोटी बायका तर बधिरपणाबद्दल बोलतच नाहीत, आणि त्यांना तसे थेट विचारणारेही कमी. विचारायला हवे: शौचाला बसल्यावर, धुताना स्पर्श कळतो का? कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी, पडल्या-झडल्यानंतरची पाठदुखी आणि सोबत पायातली ताकद रोज कमी होत जाणे, हेही याच रांगेतले. यांना 'सहा आठवडे थांबा' सांगणे हा गुन्हाच.

म्हणजे गोंधळ यंत्राचा नाही, चिठ्ठीचा आहे. एमआरआयच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहिलेला असला पाहिजे. 'डाव्या पायात कळ, अंगठ्याची ताकद कमी, पाचव्या कंबर-शिरेवर दाब आहे का?' किंवा 'रात्रीची पाठदुखी, वजन घटले, क्षय आहे का, पूर्ण मणका पाहावा.' क्षयात दोन वेगळ्या जागी रोग असू शकतो, म्हणून पूर्ण मणक्याची ती झटपट पाहणी महत्त्वाची. असा प्रश्न लिहायचा तर रुग्णाला टेबलावर झोपवून तपासावेच लागते. चिठ्ठीचा खरा उपयोग तोच.

रिपोर्टमध्येही एक ओळ घालावी अशी सूचना जगभर होते: 'या वयात असे बदल दुखणे नसलेल्या इतक्या टक्के लोकांत दिसतात.' हा उपाय जादूचा नाही. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर तो करून पाहिला, २०२० मध्ये निष्कर्ष आले, आणि त्यानंतरच्या तपासण्या-उपचारांचा एकूण वापर काही घटला नाही. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या किंचित कमी झाल्या, एवढेच. तरी ती ओळ मराठीत यावी असे मला वाटते. कारण आपल्याकडे रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा वाचतो.

कमिशनबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेणे किंवा देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे. तरी हा व्यवहार चालतो हे वैद्यकीय क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. ज्या डॉक्टरांचा यात हात नाही त्यांच्यावरही संशय येतो, हे त्याचे आणखी एक नुकसान. रुग्णाने एक साधा प्रश्न विचारावा: "या एमआरआयमध्ये काही निघाले तर उपचारात काय बदलेल, आणि काही निघाले नाही तर?" नीट तपासलेल्या डॉक्टरांना याचे उत्तर एका मिनिटात देता येते. उत्तर मिळाले नाही तर दोन-तीन आठवडे चालते-फिरते राहावे, झेपेल ते काम करावे. मात्र वर सांगितलेली धोक्याची लक्षणे लक्षात ठेवावीत.

राहिला पैशाचा आणि वेळेचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. निदान होण्याआधीचा एमआरआय बहुतेकांना खिशातूनच काढावा लागतो. मोलमजुरी करणाऱ्या घरात काही हजार रुपये म्हणजे एखाद-दुसऱ्या आठवड्याची मजुरी. ज्याला गरज नाही तो कर्ज काढून हे पैसे भरतो आणि ज्याला गरज आहे तो 'पुढच्या बिलाला बघू' म्हणून थांबतो. ऊसबिलाची वाट पाहणे शिरांना परवडत नाही. सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयाकडे गावातून येणाऱ्या अशा रुग्णासाठी एक ठरलेली वाट हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून 'लघवी तुंबली, बसायची जागा बधिर' असे चिठ्ठीवर लिहिले, तर अनामत रक्कम न मागता, रात्र असो की रविवार, त्याच दिवशी एमआरआय व्हावा आणि तो वाचायला माणूस हजर असावा. क्षयाचा संशय असेल तर आठवड्याच्या आत. साध्या कंबरदुखीच्या रांगेतून एवढे कमी केले तरी यंत्रावर या रुग्णांसाठी जागा होईल. जिल्ह्यात रोज किती कमरेचे एमआरआय निघतात, त्यांपैकी किती चिठ्ठ्यांवर तपासणीची एक तरी ओळ असते, हे जिल्हा आरोग्य यंत्रणेने महिनाभर मोजून पाहावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक वही पुरते.